दुपट्ट्याखालची सावली

चैत्रातल्या दुपारी दोन हातांवर दुपट्टा टाकला की त्याखाली एक लहानशी सावली तयार होते आणि तिला स्वतःचा वास असतो. बैलाच्या मानेचा घाम, सरकीच्या ढेपेचा तेलकट गोडवा, तंबाखू, आणि उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा किंचित भाजका गंध. बाजार बाहेर पांढराशुभ्र तापलेला असतो, धुरळा अंतराळी थांबल्यासारखा दिसतो, कडुनिंबाचा मोहोर बैलांच्या पाठीवर गळत असतो; आणि त्या एवढ्या उजेडात वीतभर कापडाखाली दोन माणसं एकमेकांची बोटं धरून अगदी गप्प असतात.

आमच्या वर्ध्याकडे दुपट्टा पुरुषाच्या खांद्यावर असतो. घाम पुसायला, डोक्याला बांधायला, भाकरी गुंडाळायला, आणि बैलबाजारात भाव ठरवायला. भाव तोंडाने बोलायचा नाही, कारण शेजारी उभा असलेला दुसरा गिऱ्हाईक कान टवकारून असतो. हातावर दुपट्टा टाकायचा आणि त्याच्या आडून समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका आकडा. ज्याला पटत नाही तो आपल्या आकड्याने उत्तर देतो. आकडा जुळून भाव पक्का झाला, की सौदा 'तुटला' म्हणायचं. चेहरे मात्र असे ठेवायचे, की दोघंही पावसापाण्याचा विचार करत आहेत.

माझा पहिला सौदा शामरावजींशी झाला. मी एकोणीस वर्षांचा होतो. समुद्रपूरकडच्या बाजारात लोकांच्या बैलांना पाणी पाजता पाजता त्यांचे दात, खूर आणि चाल ओळखायला शिकलो होतो. शामरावजी आमच्याच गावचे, मोठे शेतकरी. कधी कामानिमित्त आमच्या वस्तीत आले आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, की नेमकी तेव्हाच त्यांना तहान नसायची. त्या दिवशी मात्र एका गोऱ्ह्यांच्या जोडीवर त्यांचं मन बसलं होतं आणि विकणाऱ्याने सौदा माझ्यावर सोपवला होता. "बैल तुहा हाय का रे?" त्यांनी विचारलं. "नाई जी, पण भाव माह्याकडं हाय," मी म्हणालो. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझा हात धरला.

किती वेळ धरला, सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत ती दुपार अजूनही संपलेली नाही. त्यांच्या अंगठ्याजवळचा टणक घट्टा, तर्जनीवरची आडवी जखम, मी आकडा सोडत नाही हे कळल्यावर मनगटात आलेला हलका ताण. माझा हात कोणाच्या घरचा आहे हे विचारायला तिथे जागाच नव्हती. सौदा माझ्या आकड्यावर तुटला. शामरावजींनी हात काढून घेतला, आणि त्याच दुपट्ट्याला तो पुसला. आधी तळवा, मग पाठीमागची बाजू, सावकाश.

मी ते पाहिलं. त्यानंतर आयुष्यात एकही सौदा मी दुसऱ्याच्या आकड्यावर सोडला नाही. भांडलो, बाजार डोक्यावर घेतला, ठरलेले सौदे अर्ध्या तासाने मोडले. लोक मला कडू दलाल म्हणाले आणि माझ्याचकडे आले. त्या कडूपणावरच वर्ध्यालगत पिपरी मेघेत घर उभं राहिलं आणि माझी लेक प्रज्ञा संगणकाचं शिकली.

दुपट्टा फोनमध्ये घालण्याची कल्पना तिचीच. त्याचं असं झालं, की एका सकाळी मी एसटीत बसून फोनवर जोडीचा भाव करत होतो. बाजूच्या सीटवरचा माणूस मान टाकून झोपलेला होता. निदान मी तसं धरून चाललो. तो माझ्या आधी उतरला आणि मी पोचेपर्यंत जोडी घेऊन गेलेला होता. घरी येऊन मी जो तमाशा केला तो शेजाऱ्यांनी कूलर बंद करून ऐकला. माझा आवाज बसल्यावर प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुमचा दुपट्टाच फोनमंदी टाकून देऊ काय?"

पावसाळा गेला, कापसाची वेचणी झाली, थंडी आली, आणि ती खिडकीशी बसून तेच करत राहिली. आधी तिने माझ्याकडून बोटांची भाषा शिकून घेतली. मग असं ॲप तयार केलं, की जोडीचे फोटो, दात, चाल सगळं पाहून झालं आणि भाव करायची वेळ आली, की दोघांचेही पडदे काळे व्हावेत. त्या काळोखावर जितकी बोटं टेकवाल तितक्यांदा पलीकडच्या माणसाच्या तळहातात फोन थरथरेल. आकडा कुठेही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा ती गच्चीवर होती आणि मी अंगणात. माझ्या हातातला फोन तीनदा थरथरला. मी वर पाहिलं. तारेवरच्या ओल्या चादरींतून तिचा फक्त हात दिसत होता. कोवळं ऊन होतं, आणि मला क्षणभर वाटलं की आपला सगळा जन्म कोणीतरी हलकेच चिमटीत उचलून दुसऱ्या काळात ठेवला आहे.

नावावरून मात्र आमचं वाजलं.

"बाबा, 'बैलबाजार' ठेवू."

"'दुपट्टा' ठेव."

"लोकाइले समजन नाई."

"ज्याले घ्याचा हाय त्याले समजते!"

सौदा माझ्या आकड्यावर तुटला. सवयच होती.

वर्ध्याबाहेरच्या जगात दुपट्टा बाईच्या खांद्यावर असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते मान्य नव्हतं. ज्या मोठ्या दुकानातून सगळ्या फोनांत ॲप उतरतात, त्या दुकानाने आमचं ॲप कपड्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. दूरदूरच्या बायका ते उतरवून घेऊ लागल्या. एकीने लिहिलं, "पिवळा दुपट्टा हवा होता, दोन बैल दिसले." दुसरीने एका तांबड्या गोऱ्ह्याच्या फोटोखाली विचारलं, धुतल्यावर रंग जातो का. बाजारात माझा जुना सोबती हरिभाऊ लांबूनच ओरडला, "काय गा, बैलं सोडून आता साड्या विकाले लागला का? माह्या बायकोले एक दाखवजो!" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माघ संपता संपता पत्र आलं. पत्र म्हणजे पडद्यावरच्या चार ओळी. तुमच्या ॲपचं नाव लोकांची दिशाभूल करतं. शिवाय त्यातला मुख्य पडदा रिकामा आहे, म्हणजे ॲप चालत नाही. सबब ते काढून टाकलं आहे आणि हे खातं कायमचं बंद करण्याचा विचार चालू आहे. प्रज्ञाच्या त्याच खात्यावर तिचं आधीचं एक ॲप होतं. समुद्रपूरच्या एसटीच्या वेळांचं. कॉलेजला जाताना फाट्यावर तासन्‌तास उभं राहून तिने त्या वेळा लिहून काढल्या होत्या. आता शाळेच्या मुली, मास्तरणी, बाजारकरी त्यावर पाहून घराबाहेर पडत. या एका कामामुळेच तिला दुसरीकडून कामं मिळू लागली होती. खातं गेलं असतं तर तेही गेलं असतं, आणि तिच्या नावावर पुन्हा दुसरं खातं उघडलं नसतं. माझ्या एका शब्दाने पोरीचं सगळं उभं केलेलं टांगणीला लागलं होतं.

मी भांडायला बसलो. भांडण हाच माझा धंदा. पण तिथे भांडायला समोर कोणी नव्हतं. फोन करायचा तर नंबर नव्हता. तक्रारीचं कारण निवडायला सात पर्याय होते आणि आमचं कारण आठवं होतं. पुढे जाण्याआधी मी यंत्र नाही हे सिद्ध करायला सांगायचे. पुढ्यातल्या चित्रांतून सायकली ओळखून दाखवा. आयुष्यभर बैलाच्या डोळ्यांत पाहून त्याचं आजारपण ओळखणारा मी, सायकलीच्या चाकाचा एक तुकडा शेजारच्या चौकोनात गेला आहे की नाही, या प्रश्नावर तीनदा नापास झालो. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाला चार मिनिटांत उत्तर यायचं आणि ते प्रत्येक वेळी तेच असायचं. खाली सही नाही, नाव नाही. फक्त माझ्या सहकार्याबद्दल आभार. चौथ्या आभारानंतर मी फोन कुटाराच्या, बैलांच्या कोरड्या चाऱ्याच्या, ढिगात भिरकावला आणि मग अर्धा तास, बैलांच्या देखत, गुडघ्यांवर बसून तो शोधला. कुटाराची कोरडी धूळ नाकात गेली होती. त्या सुगंधी घुसमटीत मला एकदम वाटलं, की रागावण्यासाठीसुद्धा समोर एक हात लागतो. हात झिडकारणारा का असेना.

शेवटी एकच अर्ज उरला. त्यानंतर ऐकून घेतलं जाणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं.

चैत्रातल्या त्या दुपारी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या वर्षात पहिल्यांदा भिजवल्या होत्या. खोलीत तो हिरवा, मातकट, झोपेच्या काठावरचा गंध भरला होता. खिडकीच्या पडद्यांतून आलेलं ऊन फरशीवर ताकासारखं पातळ झालं होतं. प्रज्ञाने अर्ज लिहून ठेवला होता. नाव बदलतो, काळ्या पडद्यावर कापडाचं चित्र टाकतो, इथे मुद्दामच काही दाखवलेलं नाही असं लिहितो. मी म्हणालो, नाव बदलायचं नाही. आणि अर्ज मी लिहिणार, त्यांना एकदा सगळं ऐकवणार.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरचा माझा दुपट्टा काढला, समोर येऊन बसली, आणि आमच्या दोघांच्या हातांवर तो टाकला.

"नाव मले द्या," ती म्हणाली. "तुमच्या ओळी किती ते सांगा."

लेकीचा हात मी तिच्या लहानपणानंतर असा धरला नव्हता. मी पाचही बोटं दाबली. तिने एक दाबलं. मी तीनवर आलो. तिने एकच. मी मान वळवून कूलरच्या पाण्याकडे पाहत राहिलो, बाजारात पाहतो तसा, आणि दोनवर आलो. तिने एक बोट धरलं ते सोडलंच नाही. ती पकड मी ओळखली. माझीच होती. पण तिच्या मनगटाच्या आत काहीतरी बारीक, भरभर थरथरत होतं; आणि माझ्या ध्यानात आलं की या सौद्यात हरायला तिच्याकडे खूप आहे आणि माझ्याकडे फक्त एक शब्द.

"बरं," मी म्हणालो. "नाव तुहं, ओळ एक."

आयुष्यात पहिल्यांदा सौदा दुसऱ्याच्या आकड्यावर तुटला. मी सांगितलेली ओळ तिने अर्जाच्या शेवटी घातली: 'तो काळा पडदा रिकामा नाही; तिथे दोन माणसं एकमेकांचा हात धरून बसलेली आहेत.' तिने ती इंग्रजीत करून मला वाचून दाखवली. मला फारशी कळली नाही, पण वाचताना एक जागा तिने दोनदा वाचली, त्या जागी ओळ बरोबर बसली असावी.

अर्ज गेला. मी पडद्याकडे पाहत थांबलो. चार मिनिटं झाली, दहा झाली. उत्तर आलं नाही. आणि उत्तर न येण्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. पलीकडे कोणीतरी ती ओळ वाचून थांबलं असेल, असं मानायला तेवढी जागा होती.

तेव्हा मी खाली पाहिलं. माझा हात दुपट्ट्याला पुसला जात होता. आधी तळवा, मग पाठीमागची बाजू, सावकाश. मला ते कळलंही नव्हतं. हात घामाने चिंब होता. लेकीशी भाव करताना तो कधी भिजला, मला ठाऊक नाही. समोर प्रज्ञाही त्याच कापडाच्या दुसऱ्या टोकाला आपला हात पुसत होती.

शामरावजींच्या हातावर त्या दिवशी नुसता घाम होता असं मी म्हणत नाही. आमच्या घरचं पाणी त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही, ते तितकंच खरं आहे. पण तेव्हाही चैत्रच होता, आणि माझ्यासारख्या एका पोराच्या आकड्यापुढे त्यांचं मनगट ताणलं गेलं होतं, हे मी माझ्याच बोटांनी अनुभवलं होतं. इतकी वर्षं मी फक्त पुसणं लक्षात ठेवलं. धरलेलं किती वेळ होतं, ते कधी मोजलं नाही. ते गेले, आता विचारायचं कोणाला?

"दुपट्टा धुवाले टाकू काय, बाबा?" प्रज्ञाने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.

तो आमच्या दोघांच्या मध्ये चटईवर पडून होता. कूलरच्या वाऱ्याने त्याची कड मधूनच उचलली जात होती. त्यावर दोन ओले डाग होते, हळूहळू आतल्या आत आक्रसत चाललेले. आणि वाळत वाळत ते इतके पुसट झाले, की माझा कोणता आणि तिचा कोणता, हे मला ओळखता येईना.