भरती-ओहोटीवर चालणारे पंप

जलशुद्धीकरण केंद्रातली ती प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक बेसिन, काचेच्या चार नळ्या आणि नदीकडे उघडणारी खिडकी. तिथे बाई एकवीस वर्षं शहराचं पाणी तपासत होत्या. लोक त्यांना ‘पाणीवाल्या बाई’च म्हणत. कुणाच्या लग्नाला गेल्या, तरी तिथले लोक पेला पुढे करून विचारत, “बाई, पिऊ का?”

समुद्र तिथून पाऊण तासावर. नदी आटली की भरतीबरोबर खारं पाणी वर सरकायचं. मीठ मोजायची रीत सोपी होती. नमुना आधी पिवळा करायचा, मग त्यात थेंबथेंब औषध सोडायचं आणि पाणी विटकरी झालं की थांबायचं. औषध जितकं जास्त लागेल, तितकं मीठ जास्त. पूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी आठ-दहा दिवस आकडा चढायचा. यंदा थंडी सरते न सरते तोच चढला आणि खाली यायचं नाव घेईना.

बाई रोज अहवाल पाठवत. अभियंता साहेब सही करत आणि म्हणत, “भरतीचं आहे हो ते. उतरेल.”

घरी सुनेला सातवा महिना. पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला बजावलं होतं, म्हणून बाईंनी सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. “दुखणं तिचं आणि पथ्य मला!” बाईंचा नवरा कुरकुरला. एके दुपारी सून पाणी पिता पिता थांबली. “आई, हल्ली आपलं पाणी मचूळ लागतं ना?”

बाईंनी तिच्या हातातला पेला घेऊन एक घोट चाखला. भाजीत त्या चिमटीने मीठ घालत होत्या, पण पेल्यातल्या मिठाचं काय? आणि शहरात अशा किती जणी असतील?

दुसऱ्या दिवसापासून त्या दर तासाला नमुना घेऊ लागल्या. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. भरतीला मीठ मर्यादेच्या तिप्पट, पण ओहोटीचे चार तास पाणी पिण्यासारखं. पंप तेवढेच तास चालवा, असं त्यांनी साहेबांना सुचवलं. “वरून आदेश आल्याशिवाय वेळापत्रक बदलता येत नाही,” साहेब म्हणाले आणि बैठकीसाठी परगावी गेले.

त्याच दुपारी मोठी भरती आली. आकडा पाहून बाईंनी तपासणी तीनदा केली. साहेब फोन उचलेनात. शेवटी त्या अंगण ओलांडून पंपघरात गेल्या. तिथल्या पंपवाल्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत, कारण तीन पंपांच्या आवाजावरही त्याचा आवाज चढायचा.

“दादा, पंप बंद करा.”

“कुणाच्या हुकमाने?”

“माझ्या.”

“तुमच्या हुकमाला कोण विचारतं, बाई?”

“कुणी नाही. म्हणून लिहून देते.”

अहवालाच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं, सही केली. भोंग्याने ते दोनदा वाचलं आणि एकेक करत तिन्ही पंप बंद केले.

संध्याकाळपर्यंत नळ कोरडे पडले. फाटकाशी हंडे-बादल्या घेऊन गर्दी जमली. बाईंनी नळ्या बाहेर आणून सगळ्यांदेखत पाणी तपासून दाखवलं. काहीजण परत फिरले. गर्दीतली एकजण मात्र ओरडली, “खारं तर खारं, येऊ तरी दे! घरात पाच माणसं आहेत, त्यांना काय पाजू?”

“रात्री ओहोटी लागली की पंप सुरू होतील,” एवढंच बाई सांगू शकल्या.

साहेब परतले ते लेखी खुलासा मागतच. महिनाभर बाईंची झोप उडाली. नोकरी जाते की काय, ही धास्ती होतीच. आपण चुकलो तर नाही ना, ही त्याहून मोठी. चौकशीत त्यांच्या आठ दिवसांच्या नोंदींशिवाय कुणाकडे दुसरा कागदच निघाला नाही. शेवटी वरून आदेश आला आणि पंप ओहोटीप्रमाणे चालू लागले. पाणी कधी पहाटे, कधी भर दुपारी येऊ लागलं आणि लोक बाईंच्या नावाने बोटं मोडू लागले.

सून तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगी वजनाला कमी, पण दोघी सुखरूप. “पाण्यामुळेच झालं का हो?” बाईंनी विचारलं.

“एका कारणावर बोट नाही ठेवता येत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता ओहोटीतले गोड पाण्याचे ते चार तास तीनवर आलेत. नदीच्या वरच्या अंगाने पाणी उचलायचं घाटतंय, जागेची मोजणी झाली आहे, पुढचं काही ठरलेलं नाही. साहेब हल्ली अहवालाची वाट पाहत नाहीत, स्वतःच टेबलाशी येऊन उभे राहतात. पाणी विटकरी होईपर्यंत दोघंही थेंब मोजत राहतात.