कावळ्यांनी आणलेली भाकरी

आबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव. आबांचा जन्म मिठागरात गेला. पिंड माझ्या धाकट्या भावाने ठेवला होता. धाटावच्या कंपनीतून रजा काढून तो आला होता आणि डोकं भादरून उघड्या अंगाने उभा होता. थोरला असूनही मी विधीला बसलो नव्हतो, कारण मी ख्रिस्ती झालो होतो. बापाला पाणी न देणारा मुलगा म्हणून मी बाजूला बांधावर उभा होतो. ज्या प्रभूला मी धरलं आहे त्याने मला धरलं आहे का, की मी नुसताच आपल्या माणसांतून सुटून पडलो आहे, अशी शंका त्या उन्हात मनात आली आणि हलेना.

कावळा शिवला नाही की मेलेल्याची इच्छा राहिली, असं आमच्याकडे धरतात. मग कोणीतरी वचन देतं, पोरीचं लग्न करीन, घर पुरं करीन. काका पुढे आले. "त्याचा जीव तुझ्यात अडकलाय. सांग त्याला, आबा, ते पुस्तक सोडलं. मंग शिवतो का नाय बघ." मागून चुलतभाऊ म्हणाला, "आरं, बोलून टाक ना! कावल्याची बी शिफ्ट संपत आली." दोघे-तिघे हसले. मला हसता आलं नाही. ते वाक्य म्हटलं नाही तर या घराचा उंबरा मला बंद, असं काकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. आणि त्याच उंबऱ्याच्या आत माझी आई राहणार होती.

ते पुस्तक मला रोह्यात मिळालं. तिथल्या शाळेत मी ग्रंथपाल. एका निवृत्त नर्सबाईंच्या ओटीवर रविवारी संध्याकाळी आम्ही चार-पाचजण बायबलच्या अभ्यासाला जमायचो. बाईंचा एक नियम होता. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि तो आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. छापील मराठी देवाला कळते, पण ती तुमच्या पोटात उतरत नाही, असं त्या म्हणत. मी पुस्तकी माणूस; मला संकोच वाटे. मग एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली. दुष्काळ पडलेला, राजा जिवावर उठलेला, देवाचा माणूस ओढ्याकाठी लपलेला, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला भाकरी आणि मांस आणून देणारे कावळे. ती गोष्ट सांगताना शाळेच्या वयात मागे राहिलेली माझी बोली आपसूक तोंडात आली.

आबा अंथरुणाला लागले तेव्हा मी गावी राहायला गेलो आणि त्यांनाही ती सांगितली. खोकत खोकत ते हसले. "कावला भाकर आनतो? आमचा कावला त सुकट पलवतो!" पण मग रोज संध्याकाळी म्हणायचे, "कावल्याची सांग." ते ख्रिस्ती झाले नाहीत, मीही कधी तसा विषय काढला नाही. गोष्ट ऐकून त्यांना झोप लागायची, एवढंच.

त्या दिवशी बांधावर माझ्या हातात पुस्तक नव्हतं. प्रभू, तूच बोल, एवढंच मनात म्हणालो आणि तोंड उघडलं. "आबा, आयला मी अंतर देनार नाय. भावाला नाय. पन ज्यानं मला धरलंय त्याला सोडला, असं खोटं तुमच्यापुढं बोलनार नाय." वाक्य पुरं झालं. पिंडावर माश्या बसत होत्या. काकांनी मान फिरवली. "बघा. नाय शिवत."

तेव्हा झाडाखाली बसलेली आई उठली. दिरासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "भावजी, ह्यांची विच्छा मला ठाव हाय. रोज सांजचं काय मागायचे ते मी ऐकलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग रे. कावल्याची सांग."

मी सांगितली. आबांना सांगायचो तशीच, त्यांच्याच बोलीत. कावळे भाकरी घेऊन ओढ्यावर उतरले इथवर आलो, तोच खारफुटीतून एक कावळा आला, पिंडाजवळ जरा घुटमळला आणि भात उचलून गेला. काका पिंडाकडून वळले. भावाला म्हणाले, "चल, आंघोल करून घे." चुलतभाऊ पुटपुटला, "भूक लागली असंल त्याला, दुसरं काय!"

असेलही. मी वाद घातला नाही, आजही घालत नाही. एलीयाकडे गेलेले कावळेही त्याच दुष्काळातले होते. त्यांच्याही पोटात भूक असेलच. तरी भाकरी चोचीत धरून त्यांनी ती दुसऱ्याच्या हाती पोचवली. माझ्याकडे त्या दिवशी अशी भाकरी आईने आणली. नवरा तिचा गेला होता, दिलासा तिला हवा होता, आणि कावळा शिवावा ही आसही सर्वांत जास्त तिचीच होती. ती सगळी भूक तशीच ठेवून ती माझ्यासाठी उठली. मी फक्त माझं वाक्य खरं बोललो होतो. पुढचं काहीच माझ्या हातात नव्हतं, आणि हातात नसलेलंच मला मिळालं.

दुपारी घरी आईने माझं ताट मांडलं, काकांच्या शेजारी. काकांनी पाहिलं आणि आपलं ताट जरा सरकवून मला जागा केली. जेवणाआधी मी डोळे मिटले. आजही प्रार्थनेत प्रभूचे आभार मानताना माझ्या तोंडी पहिलं नाव आईचं येतं, आणि ते घेताना मान ताठ होते.