वरच्या अंगाची खूण

सन १९९१, जानेवारी महिना, पनवेलची कोरडी थंडी. आरसे घासण्याची लाल भुकटी पातळाच्या निऱ्यांत शिरली की कितीही धुतले तरी निघत नाही. पळस्प्याजवळच्या आमच्या कारखान्यातील किस्सेही तसेच!

मी तेथे नोंदवही सांभाळत असे. दामलेसाहेबांनी एका वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी मीटरभर रुंदीचा आरसा करावयास घेतला होता. करीमभाई दोन वर्षे तो हाताने घासत होते. त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरू लागला होता. आरसा नापास झाला, तर पुन्हा घासणे त्यांच्याच्याने होणार नव्हते.

* * *

आरशावर बारीक उजेड टाकायचा आणि परतणारा किरण पात्याच्या धारेने अडवून पाहायचे, अशी तपासणी. केसाच्या हजाराव्या भागाइतका उंचवटाही सावलीसारखा दिसे.

एकदा एका बड्या पाहुण्यांनी कौतुकाने आरशावर तळवा टेकवला. पात्यामागून आम्ही पाहतो तो काचेवर पाच बोटांचा डोंगर! काच उबेने फुगली होती.

"आता किती वेळ?" पाहुणे ओशाळले.

"निवायला दोन तास," दामलेसाहेब म्हणाले.

करीमभाई अदबीने म्हणाले, "साहेब, आपला हात फार मेहेरबान. पण आता खिशात ठेवा!"

* * *

तपासणीच्या खोलीत पंखा बंद, दार बंद. तरीही विचुंब्याचे काशिनाथ फिटर चहा घेऊन हळूच आत शिरत. वाफ उजेडाच्या वाटेत आली की आरशात धुराचे लोट उठत.

"काशिनाथ, चहा आणलात?" दामलेसाहेब पाठमोरेच विचारत.

"आमी तर पाय पन नाय वाजवला!"

चहा आल्याचे आम्हांला नाकाआधी आरशात कळे.

* * *

नोंदवहीत मी एक रकाना वाढवला होता: आरसा उभा करताना त्याच्या काठावरची खडूची खूण कोणत्या अंगाला आहे.

"बाई, आरशाला काय डोकं-पाय असतात?" करीमभाई हसत.

"रकाना आहे, तो रिकामा राहणार नाही," मी सांगत असे.

* * *

पॉलिश संपल्यापासून एक पुसट, लांबट सावली आम्हांला छळत होती. वेधशाळेच्या परीक्षकांनी ती पहिल्याच नजरेत हेरली.

"काच वाकडी आहे. पुन्हा घासावी लागेल."

करीमभाई घासायच्या भुकटीचा डबा शोधायला वळले.

मी नोंदवही पुढे केली. "साहेब, नऊ तपासण्या झाल्या, नऊही वेळा खूण वरच्याच अंगाला. खोट काचेत असेल, तर ती काचेबरोबर फिरेल ना?"

दामलेसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "लेलेबाई, हे आधी का नाही बोललात?"

"आधी कोणी रकाना वाचला नाही."

आरसा पाव फेरा फिरवला, दोन तास निवू दिला. सावली जागची हलली नव्हती! आरसा ज्या लाकडी पाळण्यात उभा राही, त्याची एक गादी काचेला दाबत होती.

"म्हंजे काच सरळ हाय," काशिनाथ खाली मान घालून म्हणाले. "पाळणा वाकडा, आन् तो मीच केला!"

करीमभाईंनी त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. गादी सैल केलेली. पात्यामागे सावली एकसारखी गोल. परीक्षकांनी सही केली.

"साहेब, आज एकदा हात लावू?" करीमभाईंनी विचारले. दोन वर्षांत त्यांनी त्या काचेला उघडा तळवा कधी टेकवला नव्हता.

"लावा की! आज दोन तास कोणाला घाई आहे?"

करीमभाईंनी वरच्या काठाजवळ तळवा टेकवला, आणि आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने पात्यामागून पाहिले. मग मी नोंदवही उघडली आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'वरच्या अंगाला करीमभाईंचा हात.'