डांबराच्या पिंपांचं धुराडं

सत्तरच्या दशकात वीजकपातीमुळे अक्कलकोट रोडवरचे कापडाचे यंत्रमाग भर दुपारी बंद पडायचे. सकाळची शाळा शिकवून मी सायकलवर तिथूनच घरी जायचो. एका कारखान्याच्या आवारात मागांचा एक फिटर रोज काहीतरी उभारताना दिसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. डांबराची रिकामी पिंपं एकावर एक जोडून त्याने उंच धुराडं केलं होतं. त्याच्या बुडाभोवतीची जमीन काळी रंगवून वर जुन्या खिडक्यांच्या काचा टेकवल्या होत्या.

एकदा त्याने मला हाक मारून आत नेलं. काचांखाली तापलेली हवा धुराड्यात चढत होती आणि तिच्या जोरावर पंखा फिरत होता. पंख्याला जोडलेल्या सायकलच्या डायनामोवर बारीकसा दिवा लालसर पेटला होता.

"हितं ऊन लई, मास्तर. वाया जातंय," हाताचं वंगण पँटला पुसत तो म्हणाला.

गरम हवा वर जाते, हे मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत होतो. मला हे कधीच सुचलं नव्हतं.

"यात नवीन काय? हे पुस्तकात आहे," मी म्हणालो. असं कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

त्याचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो उलट खुलला.

"पुस्तकात हाय? मंजे माजं चुकलं न्हाय की."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. पिताना खरं सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण मग ते सगळं त्याच्या एकट्याचं ठरलं असतं.