बांगडीवरच्या पिना

सातिवलीच्या औषधवाल्याने मला फसवलं. बायकोच्या लघवीच्या संसर्गावर डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. "तीन दिवसांच्या पुरेत ना?" असं मी विचारलं आणि तो चटकन हो म्हणाला. पंधरा दिवसांत तिला पुन्हा ताप भरला.

लॅबमध्ये रिपोर्ट देणारी बाई बोलताना बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनांशी चाळा करायची. मी तिच्यावरच ओरडलो, "सातऐवजी तीन दिवसांच्या का होईना, गोळ्या झाल्या, वर बायको एवढं पाणी पिते, मग जंतू वाहून का जात नाहीत?"

ती हसली आणि पिना काढून एकीत एक अडकवू लागली. "जंतूच्या अंगावर प्रथिनाचे केस असतात, काका. आधी टोकाचा आकडा बाहेर येतो, मग मुळाशी एकेक तुकडा जोडत केस लांबतो. तो आकडा मूत्राशयाला धरून बसतो. घासाघीस दुकानदाराशी करा, याच्याशी नको."

या खेपेला बायकोने गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. काल त्याच बाईने रिपोर्ट पुढे सरकवला. "जंतू नाहीत, काका." मी रिपोर्ट घेऊन तसाच घरी धावलो. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घासाघीस मी केली, कबूल. पण जाणकार तो औषधवाला होता. त्याने हो का म्हटलं, याचं उत्तर त्याने माझ्या बायकोसमोर उभं राहून द्यावं.