लग्नांचा मुरूम

मी अवसरीला नांदायला आले तेव्हा आमच्या अंगणाचा गावात तोरा होता. भावकीत कुणाचंही लग्न निघो, मांडव आमच्याच दारात. आणि मांडव म्हटला की आधी मुरूम. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, टेकाडावरून ट्रॉली भरून आणायचे, मुरूम पसरून पाणी मारायचे, चोपण्याने चोपून घ्यायचे आणि वरून बायकांनी शेणाने सारवायचं. जुना मुरूम आधी काढायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. लग्नाला नवा मुरूम नाही म्हणजे पाहुण्यांत नाक कापलं गेलं!

घर साधंच. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. अंगणाकडच्या खोलीत आत्याबाई, माझ्या सासूबाई, झोपायच्या. नव्वद साल उलटल्यावर त्या खोलीच्या भिंतीला ओल धरायला लागली. आधी वीतभर, मग कमरेइतकी. पोपडे सुटायचे, लोणा, म्हणजे खारट पांढरी भुकटी, फुलायचा. सकाळी झाडून काढावा तर दोन दिवसांत भिंत पुन्हा पांढरी.

त्यात आत्याबाईंना दमा. पावसाळ्यात त्या खोलीत त्यांचे फार हाल व्हायचे. एक साधं वाक्य बोलायचं तर तीन ठिकाणी तुटायचं. उशीला टेकून बसायच्या आणि पुढचा शब्द येईपर्यंत आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. मंचरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "औषध मी देतो, पण त्या ओलीत ठेवलंत तर माझ्याकडे येऊ नका." दुसरीकडे हलवायचं तरी कुठे? मधल्या घरात बटाट्याचं बियाणं, मागे चुलीचा धूर.

थोरले दीर भोसरीला फ्लॅटमध्ये राहायचे. माणूस चांगला, पण एकदा ठरवलं की ठरवलं. दिवाळीला आले, भिंत पाहिली आणि म्हणाले, "येत्या पावसाळ्यात ओल दिसली, तर श्रावणात गाडी घेऊन येतो आणि आईला कायमची नेतो." आत्याबाई तिथे एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "तिथं समदे दारं लावून बसत्यात गं. मी तिथं जगंल, पर मला करमायचं न्हाई." त्या घरात माझ्या बाजूने बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

उपाय आम्ही कमी केले नव्हते. आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्षभर छान. मग ओल गिलाव्याच्या डोक्यावरून बाहेर आली, आधीपेक्षा हातभर वर! मामंजींनी यावरही आपला तोडगा काढला. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जावं म्हणून अजून एक ट्रॉली मुरूम आणला आणि भिंतीच्या कडेला दाबून टाकला. रोग्याला रोगच पाजावा तसं झालं ते. पण तेव्हा कळतंय कुणाला?

कळलं ते चैत्रात, आणि तेही असंच बसल्या बसल्या. आत्याबाई ओट्याच्या कडेला बसून शेंगा फोडत होत्या. उन्हाळ्यात त्यांना बरं असायचं. कुरकुरल्या, "काय बाई, गुडघं हनवटीला लागाय लागलं. मी नवी नवरी व्हते तवा हितं बसलं की पाय लोंबकळायचं. बैलगाडीत बसायचं तर वट्यावरनंच पाय टाकायचा."

मी म्हटलं, "तेव्हा ओटा काय उंच होता?"

"वटा त्योच हाय की!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओटा तोच, मग पाय जमिनीला लागतात कसे? म्हणजे अंगणच वर आलं असणार. मी उठले, गोठ्यातली पहार आणली आणि त्या खोलीच्या भिंतीलगत उकरायला लागले. वीतभर खाली जोत्याचा दगड संपायला हवा होता. संपेना! हातभर गेले तरी दगडच. आणि तो उन्हाळ्यातसुद्धा गार, ओलाकिच्च. मधल्या दरज्यांतला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना बोट लावलं की गळून पडत होता. पोटाएवढं जोतं आम्ही मुरमात पुरून टाकलं होतं आणि अंगणातलं पाणी सरळ विटांना पाजत होतो.

मामंजी धावत आले. "आगं ए! डोकं फिरलं का तुझं? अंगणाचा सत्यानास केला!"

"अंगणानंच घराचा केलाय," मी म्हटलं. सासऱ्याला असं उलटून बोलायची रीत नव्हती, पण माझी जीभ आधी सुटते आणि मग मला कळतं. आत्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. मामंजी रागारागाने पुढे झाले, खड्ड्यात वाकले आणि त्या गार दगडाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "गवंड्याला बोलवा."

गवंडी पेठचा. हातापेक्षा तोंड जास्त चालवणारा. आल्या आल्या म्हणाला, "बाहेरनं डांबर फासून देतो राव, काय व्हत न्हाई." आमच्या ह्यांनी त्याला खड्डा दाखवला तेव्हा मात्र गप झाला. ठरलं ते असं: भिंतीलगतचा मुरूम मूळ जमिनीपर्यंत काढायचा, पण सगळा एकदम नाही. एका खणाएवढं, म्हणजे चार-पाच हात, उघडायचं, दरज्या उकरून धुवायच्या, वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेल्या सिमेंटने गच्च भरायच्या, आणि मग पुढचा खण. सगळा पाया एकदम उघडा पडला तर भिंत बसायची.

खणता खणता मुरमाचे थर दिसायला लागले. वरचा तांबडा, त्याखाली शेणाची काळपट रेघ, मग पिवळसर, पुन्हा रेघ. आत्याबाई खाट बाहेर घेऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. "ह्यो तुजा, सूनबाई. त्या साली येडगावकडचा मुरूम आणला व्हता, म्हणून पिवळा. त्याच्याखाली थोरल्या लेकीचा. ह्यो माज्या नणंदेचा, तवा मांडवात पावणं एवढं, की जेवणं उन्हं कलेपर्यंत चालली." मामंजी घमेली भरत होते, ते थांबले. इतका वेळ घुश्शात होते, पण थोरल्या लेकीच्या थराशी आल्यावर मूठभर मुरूम हातात घेऊन तसेच उभे राहिले. "टाकून न्हाई द्यायचा," म्हणाले. आम्ही तो सगळा मुरूम शेताकडच्या वाटेवर पसरला. तिथे पावसात नुसता राडा व्हायचा.

कोपऱ्याचा खण उघडला त्या दिवशी मात्र माझं अवसान गळालं. पाण्याने आतली माती वाहून गेलेली. कोपऱ्याचा दगड हाताने हलत होता. वर भिंतीत बारीक तडा, आणि गवंडी चढलेल्या आवाजात ओरडतोय, "समदे मागं सरा! कुणी हात लावू नका!" बाभळीचे टेकू लावले. मी मनात म्हटलं, झालं, गेली भिंत. आत्याबाईही गेल्या भोसरीला, आणि तेही माझ्या पहारीमुळे. त्या दुपारी कुणालाच जेवण गेलं नाही.

गवंडी आणि आमचे हे खाली उतरले, दगड सरकवून पहारीने अजून खाली ठोकून पाहिलं. ठण्ण! पुन्हा ठोकलं, पुन्हा तसाच आवाज. गवंडी हसत वर आला. "खाली पाषाण हाय, राव! बुडाशी काय झालं न्हाई. फकस्त वरचा थर पोकळ." अहाहा! कानात साखर पडावी तसं वाटलं मला. मामंजी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "च्या टाक गं." इतका गोड चहा मी पुन्हा कधी केला नाही, साखर दोनदा पडली होती.

कोपरा नव्याने बांधला. भिंतीच्या कडेने चर काढून त्यात दगडगोटे भरले, चराचं तोंड परड्यातल्या केळीकडे काढलं. अंगणाला भिंतीपासून उतार दिला, कौलांच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावली. आतला सिमेंटचा गिलावा मात्र खरवडून काढला आणि भिंत सगळा वैशाख उघडी वाळू दिली. ओट्याला जुन्या पायऱ्या पुन्हा दिसायला लागल्या. शेजारणी विचारायच्या, "घर उचाललं का काय गं?"

पाऊस त्या वर्षी चांगला झाला, म्हणजे माझ्या जिवाला घोर. मी रोज भिंतीला हात लावून बघायची. आषाढ गेला. श्रावणाची झड लागली. आणि कबूल केल्याप्रमाणे थोरले भावजी भिंत स्वतः बघायला गाडी घेऊन दारात हजर. आत्याबाईंनी दोन लुगडी बाजूला काढून ठेवली होती; पोराच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

भावजींनी भिंतीला तळवा लावला. खाली वाकून जोत्याजवळ नखाने खरवडलं. मग हात पुसत म्हणाले, "भिंत कोरडी आहे. पण आई, तुझा श्वास कसा आहे ते सांग. खरं सांग."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि सुरू झाल्या: लेक एवढ्या लांबून आला, त्याला पाणी दिलं नाहीस, कालवण सकाळी खारट केलंस, म्हशीला अजून पेंड नाही, दोरीवरची धुणी पावसात भिजून गेली, हात हलवायचा सोडून तोंडाकडं काय बघत उभी राहिलीस! सगळं सलग, खणखणीत, मधे एकदाही न थांबता.

मी उलट बोलायला तोंड उघडलं, आणि मला रडूच फुटलं.