डाव्या चाकाच्या आतले पाच नट

मंडळी, इथले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. आमच्या घरी बुद्धवंदना होते. भूतखेत, नवस, अंगारे असलं काही नाही. त्यात मी आयटीआय झालेला माणूस... डोळ्यांनी बघितलेलंच खरं मानणारा. आणि हे झालं तेही भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत — म्हणून तर लिहायला बसलो!

मी सिंदेवाहीचा. माझ्या छोट्या गाडीसाठी मी दुसऱ्या मॉडेलचे रुंद अलॉय रिम घेतले. काय दिसत होते म्हणून सांगू! पण आतून घासत होते, म्हणून स्पेसर टाकले. स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवणारी जाड चकती — ती आतल्या पाच नटांनी गाडीला कसायची, मग तिच्यावर बाहेरच्या पाच नटांनी चाक. चाक काढल्याशिवाय आतले नट दिसतही नाहीत. नट हलला तर कळावं म्हणून आमचे मिस्त्री वासुदेवभाऊ यांनी प्रत्येक नटावरून खालच्या चकतीवर किंवा रिमवर जाणारी पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढली.

"पन्नास किलोमीटर झाले का चाक खोलून आतले नट पुन्हा कसून घे. भुलू नोको," ते म्हणाले. बाबा तर या खुळाच्या विरोधातच होते.

मी अर्थातच विसरलो. दुसऱ्याच दिवशी ताईला बाळंतपणासाठी आणायला धानोऱ्याला निघालो. गडचिरोली सोडलं आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. पुढच्या डाव्या चाकातून खट्... खट्... कसंबसं धानोरा गाठलं.

ताईच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली गाडी लावली. शेजारीपाजारी रिम न्याहाळायला आले आणि मी तीन तास समोरच बाजेवर बसून कौतुक ऐकत होतो. जेवलोही तिथेच. चाकाला कोणी पाना लावला नाही, हे छातीठोकपणे सांगतो.

निघताना ताईच्या सासऱ्यांनी विचारलं, "गाडी बरोबर हाये ना, भाऊ? आठवा महिना चालू हाये तिले."

"एकदम टकाटक," मी म्हणालो. खरं बोललो असतो तर बाबांच्या कानावर गेलं असतं.

आणि मंडळी... परतताना ना थरथर, ना खट्खट! चातगावचं जंगल गेलं, मूल गेलं. ताई मागे गाढ झोपली होती.

तिला घरी सोडून मी तडक वासुदेवभाऊंकडे गेलो. बाहेरच्या नटांच्या रेघा जशाच्या तशा होत्या, म्हणजे चाक कोणी काढलंच नव्हतं. मग त्यांनी चाक काढलं. आत चकतीची भोकं झिजून लांबट झालेली — म्हणजे आतले नट खरंच ढिले झाले होते. आणि आता पाचही गच्च. इतके, की पान्याला पाईप लावून आम्ही दोघं लटकलो तेव्हा कुठे सुटले. नटावरची रेघ चकतीवरच्या रेघेपेक्षा कसायच्या दिशेनं पाव फेरा पुढे गेलेली.

"काऊन रे, कोणाजवळ खोललं चाक?"

"कुठीच नाई, भाऊ."

त्यांनी त्या भोकांमध्ये बोट फिरवून पाहिलं. "हे चाक तं रस्त्यातच निंगाले पायजे होतं."

स्पेसर तिथेच काढून टाकले. ताईला मुलगी झाली, दोघी मजेत आहेत. चालत्या गाडीत नट आपोआप कसले जातात का, असं मी नंतर तीन-चार मिस्त्र्यांना विचारलं, सगळे हसले. ते नट कोणी कसले, मला आजही माहीत नाही. पण चाक हलतंय हे ठाऊक असूनही मी ताईला त्या गाडीत बसवलं... हे तिला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.